युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ : एआय देशांशी डिप्लोमसी कशी सांभाळायची, नवीन खेळणाऱ्यांसाठी

युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ हा कॉम्प्युटरवर एक देश घेऊन चालवायचा स्ट्रॅटेजी गेम नवीन घेतलेले बरेच जण एकाच ठिकाणी वैतागून गेम बंद करतात. पहिली दोन युद्धं मस्त जातात, शेजाऱ्याचे चार-पाच प्रांत हाताला लागतात, आपण स्वतःवर खूश असतो, आणि मग एक दिवस सात-आठ देश हातात हात घालून अंगावर येतात, मित्र म्हणतो मी नाही येत, आणि पंधरा-वीस वर्षांत कमावलेलं सगळं एका तहात जातं. मग ठरलेलं वाक्य येतं, एआय (म्हणजे बाकीचे देश चालवणारा कॉम्प्युटर) चीटिंग करतो.

डिप्लोमसीत तरी नाही करत. उलट तो इतका प्रामाणिक आहे की तुमच्याबद्दल त्याच्या डोक्यात काय चाललंय ते सगळं प्लस-मायनस आकड्यांत स्क्रीनवर लिहून ठेवतो. फक्त ते आकडे माऊस नेऊन थांबल्याशिवाय दिसत नाहीत आणि नवीन माणूस तिथे थांबत नाही. खालचं सगळं त्या आकड्यांभोवतीच आहे.

उदाहरणं मी बहुतेक बहामनींची देतोय. एक तर तो आपला नकाशा, नावं ओळखीची, बिदर, दौलताबाद, दाभोळ सांगावं लागत नाही, आणि दुसरं म्हणजे दख्खनमध्ये चारी बाजूंनी शेजारी असल्यामुळे डिप्लोमसी शिकायला याच्यासारखी जागा नाही. पोर्तुगाल घेऊन खेळत असाल तरी नियम तेच आहेत. आणि हे सगळं चौथ्या भागाबद्दल आहे. १३३७ पासून सुरू होणारा पाचवा भाग वेगळा आहे, त्याच्यासाठी हे वापरू नका.

काय काय लागेल

कागदपत्रं काही नाहीत. पण एवढं जवळ असू द्या:

- एक वही किंवा मोबाईलमधली नोट. कोणाशी ट्रूस (तहानंतरची युद्धबंदी) कधी संपतोय हे लिहायला. गेममध्ये दिसतं ते, पण पाच देशांचं एकदम डोक्यात राहत नाही.
- डिप्लोमॅटिक मॅप मोड आणि ओपिनियनचा मॅप मोड, दोन्ही खालच्या बटणांच्या पट्टीत समोरच लावून ठेवा.
- मेसेज सेटिंग. कोणी तुम्हाला रायव्हल (जाहीर प्रतिस्पर्धी) केलं, अलायन्स (दोस्तीचा करार) तोडली, कोॲलिशनमध्ये (तुमच्याविरुद्ध एकत्र आलेल्या देशांच्या गटात) गेला, या तीन गोष्टींना पॉप-अप आणि पॉज दोन्ही लावा. नाहीतर त्या बातम्या कोपऱ्यात एका ओळीत येऊन जातात आणि तुम्हाला कळतं तेव्हा फौज सीमेवर असते.
- पहिला गेम आयर्नमॅनमध्ये (जुना सेव्ह परत लोड करता येत नाही त्या मोडमध्ये) नको. साध्या मोडमध्ये सेव्ह करून एखादा तह करून बघायचा, काय होतं ते पाहायचं, परत लोड करायचं. शिकताना यात लाज कसली.

१. पॉज काढायच्या आधी नकाशा वाचा

गेम ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, म्हणजे वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी सगळे एआय देश आपापले रायव्हल आणि मित्र शोधत असतात, आणि पहिल्या काही महिन्यांत जे ठरतं ते पुढे बरीच वर्षं टिकतं. म्हणून पॉज असतानाच प्रत्येक शेजाऱ्यावर क्लिक करून त्याची डिप्लोमसीची खिडकी उघडा.

बहामनी असाल तर दक्षिणेला विजयनगर, वायव्येला गुजरात, उत्तरेला खानदेश आणि त्याच्या पलीकडे माळवा, पूर्वेला ओडिशाचं गजपतींचं राज्य. विजयनगरशी तुमचं जमणार नाही हे गृहीत धरा, रायचूर दोआबावरून ही दोन राज्यं इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या भांडली आणि गेममध्येही साधारण तेच होतं. खरा प्रश्न गुजरात आणि माळव्याचा. दोघांपैकी एकच तुमचा होईल, कारण ते दोघं सहसा एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. कोणाशी जमवायचं हे आधी ठरवायचं नाही, पुढची पायरी झाल्यावर ठरवायचं.

२. रायव्हल निवडणं, सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट

तुम्हाला तीन रायव्हल निवडता येतात. नवीन लोक जी तीन नावं लिस्टमध्ये वर दिसतील ती टाकून मोकळे होतात. असं करू नका. रायव्हल निवडणं म्हणजे खरं तर मित्र निवडणं आहे, कारण तुमचा आणि दुसऱ्या देशाचा रायव्हल एकच असेल तर शत्रूचा शत्रू म्हणून त्या देशाचं तुमच्याबद्दलचं मत वर जातं. आणि तुम्ही ज्याच्याशी दोस्ती करायला बघताय त्याच्या मित्रालाच रायव्हल केलंत तर उलटं होतं.

म्हणून आधी दोन-तीन महिने गेम चालवा, एआयना त्यांचे रायव्हल टाकू द्या, मग पॉज. माळव्याने गुजरातला रायव्हल केलंय आणि तुम्हाला नाही, तर गुजरातला तुम्हीही रायव्हल करा आणि माळव्याकडे दूत पाठवा. उलटं असेल तर उलटं. भावनेने ठरवू नका की मला गुजरात आवडतो. ज्याने तुम्हाला आधीच रायव्हल करून टाकलंय त्याच्याशी अलायन्स होतच नाही, कितीही भेटी पाठवा, पैसे वाया.

अजून एक, रायव्हल असण्याने पॉवर प्रोजेक्शन (तुमच्या दबदब्याचा आकडा) मिळतं आणि ते ५० च्या वर गेलं की दर महिन्याला तिन्ही प्रकारचे मोनार्क पॉइंट (कारभार, डिप्लोमसी आणि लष्कराचे) एक-एक जास्त मिळतात. त्यामुळे जागा रिकामी ठेवण्यात शहाणपणा नाही. तिसऱ्या जागेवर असा कोणीतरी टाका जो लांब आहे आणि तुमच्या वाट्याला जाणार नाही.

३. अलायन्सचा आकडा वाचायला शिका

आता मुख्य काम. ज्याच्याशी अलायन्स हवी त्याच्या खिडकीत अलायन्सच्या ऑफरवर माऊस न्या, क्लिक करू नका. एक यादी उघडेल. हिरवे आकडे बाजूने, लाल आकडे विरुद्ध, बेरीज शून्याच्या वर असेल तर तो हो म्हणणार, खाली असेल तर नाही. इथे नशीब-बिशीब नाही. हो दिसत असेल तर हो.

समजा माळव्याच्या यादीत त्याचं मत चांगलं म्हणून प्लस आहे, रायव्हल कॉमन म्हणून प्लस आहे, आणि तरी बेरीज मायनसमध्ये जातेय. मग लाल ओळी एक-एक वाचा:

त्याची नाती आधीच भरलीत अशी ओळ असेल तर तुम्ही काही करू शकत नाही, त्याच्या एखाद्या मित्राची वाट लागेपर्यंत थांबा. मत कमी पडतंय असं असेल तर दूत बसवून इम्प्रूव्ह रिलेशन्स लावा, त्याने हळूहळू कमाल १०० पर्यंत वाढतं. तुमची ताकद त्याच्या मानाने कमी वाटत असेल तर फौज लिमिटपर्यंत (गेमने तुम्हाला दिलेल्या फौजेच्या मर्यादेपर्यंत) भरा, फरक पडतो. डिप्लोमॅटिक रेप्युटेशनची ओळ मायनस असेल तर स्टेट्समन ॲडव्हायजर ठेवून बघा. आणि त्याला तुमचे प्रांत हवेत अशी ओळ दिसली तर विषय सोडा. तो आज ना उद्या तुमच्यावर येणार आहे. अशा देशाला भेटी पाठवणं म्हणजे आपल्याच पैशाने त्याची फौज पोसणं.

रॉयल मॅरेजने पण मत वाढतं. बहामनींना गुजरात, माळवा, जौनपूर, बंगाल असे सगळे मुस्लिम राज्यकर्ते त्यासाठी चालतात, विजयनगर नाही, कारण धर्माचा गट एक लागतो. पण ज्याच्यावर पुढे चालून जायचंय त्याच्याशी लग्न लावू नका, मग युद्ध जाहीर करताना स्टॅबिलिटी (देशाच्या स्थिरतेचा आकडा) एकने पडते.

आणि नात्यांची मर्यादा. तुमच्याकडे सुरुवातीला साधारण चार जागा असतात, त्यात अलायन्स, मॅरेज, वासल (मांडलिक देश), गॅरंटी (दुसऱ्याच्या रक्षणाची हमी) सगळं मोजलं जातं. एकाच देशाशी अलायन्स आणि मॅरेज दोन्ही असेल तर जागा एकच जाते. मर्यादेच्या वर गेलात की दर महिन्याला डिप्लोमॅटिक पॉइंट कापले जातात. छोटे-छोटे पाच मित्र जमवण्यात अर्थ नाही, दोन दणकट मित्र आणि उरलेल्या जागा वासलसाठी, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

४. ओपिनियन, ट्रस्ट, फेव्हर यांची खिचडी करू नका

इथे सगळे गंडतात, कारण तिन्ही गोष्टी म्हणजे थोडक्यात दोस्तीच असं वाटतं.

ओपिनियन म्हणजे आजचं मत, उणे २०० ते अधिक २०० मध्ये कुठेतरी. वर-खाली लगेच होतं. ट्रस्ट म्हणजे विश्वास, ० ते १००, सुरुवात साधारण ५० ला, आणि हा सावकाश वाढतो, पडतो मात्र पटकन. फेव्हर म्हणजे उधारी. मित्र असताना ते हळूहळू साठतात, त्याच्या युद्धात गेलात की अजून मिळतात, दूत बसवून सुद्धा गोळा करता येतात.

तुम्ही स्वतःहून केलेल्या चढाईत मित्राला बोलवायचं असेल तर १० फेव्हर लागतात. म्हणजे ओपिनियन १८० आहे, हिरवंगार आहे, आणि फेव्हर चारच आहेत, तर तो येणार नाही. यात त्याने दगाबाजी केलेली नाही, तुमच्या खात्यात पैसे नव्हते. दहा नसतील तर बोलावताना जमीन देण्याचं वचन देता येतं, मग फेव्हर खर्च होत नाहीत. पण वचन दिलंत आणि तो नीट लढला आणि तहात त्याला काही दिलं नाहीत, तर ट्रस्ट असा कोसळतो की पुढचा बोलावा विसरा. वचन द्यायच्या आधी त्याला कुठले प्रांत हवेत ते बघून घ्या. ते तुम्हालाच हवे असतील तर वचन देऊच नका.

तुमच्यावर कोणी चालून आलं तर मात्र फेव्हर लागत नाहीत, मित्र साधारण येतोच.

५. कोण कुठल्या नजरेने बघतोय

प्रत्येक देशाच्या खिडकीत तुमच्याबद्दलची त्याची वृत्ती एका शब्दात लिहिलेली असते. मत कितीही चांगलं असो, खरा तो शब्द.

फ्रेंडली म्हणजे दोस्तीला तयार. न्यूट्रल म्हणजे काही नाही. थ्रेटन्ड म्हणजे तो तुम्हाला घाबरलाय, आणि घाबरलेला देश दुसरे मित्र गोळा करतो, म्हणजे त्याला घ्यायचं तर उशीर नको. हॉस्टाइल म्हणजे त्याला तुमची जमीन हवीय. डॉमिनिअरिंग म्हणजे त्याला तुम्हाला वासल करायचंय. आउटरेज्ड म्हणजे तुमच्या जमीन घेण्याने तो भडकलाय आणि कोॲलिशनच्या दारात उभा आहे.

दर वर्षी जानेवारीत एकदा पॉज करून सगळ्या शेजाऱ्यांचे शब्द बघत जा. मित्राचा शब्द बदलून हॉस्टाइल झाला तर अलायन्स तुटायची वाट बघू नका, लगेच दुसरा मित्र शोधायला लागा. हे बहुतेक तेव्हा होतं जेव्हा तुमची आणि त्याची सीमा लागते. मधला शेजारी तुम्ही दोघांनी मिळून संपवला की तुम्हीच एकमेकांचे शेजारी, आणि काल ज्याच्याबरोबर लढलात तो आज तुमच्या प्रांतांवर डोळा ठेवून असतो. माळव्याला मित्र ठेवायचा असेल तर मध्ये खानदेशासारखं छोटं राज्य राहू द्या, किंवा त्याला स्वतःचं वासल करून मध्ये बसवा.

६. युद्ध जाहीर करायच्या आधी

कारण हवं. कारणाशिवाय युद्ध केलंत तर स्टॅबिलिटी दोनने पडते, वर सगळे भडकतात. तेव्हा आधी दूत पाठवून हेरांचं जाळं बांधा, २० झालं की क्लेम (प्रांतावरचा दावा) तयार करता येतो, आणि मग जिंकण्याचं रीतसर कारण मिळतं. तुमचा जुना कोअर प्रांत (हक्काने तुमचा मानला जाणारा) दुसऱ्याकडे असेल तर रीकॉन्क्वेस्टचं (परत जिंकण्याचं) कारण वापरा, त्यात भडकण्याचा आकडा (जमीन घेतल्यामुळे बाकीचे देश किती चिडतात तो) चौथाई लागतो. वासलचे जुने कोअर असतील तरी चालतं, त्यामुळे असे वासल सोन्याच्या भावाचे.

युद्धाच्या खिडकीत दोन्ही बाजूंना कोण-कोण येणार ते बरोबरची खूण आणि फुलीने दाखवलेलं असतं. ते पूर्ण वाचा. तिथे शत्रूच्या मित्राला को-बेलिजरंट (बरोबरीचा शत्रू) करायचा पर्याय असतो. तो केलात की त्याचे प्रांत घेणं स्वस्त पडतं, पण मग त्याचेही मित्र युद्धात येतात. समजा विजयनगरवर जाताना ओडिशाला को-बेलिजरंट केलं आणि ओडिशाचा एखादा मोठा मित्र उत्तरेकडून उतरला, तर छोटं युद्ध मोठं होऊन बसतं. ज्याचे प्रांत खरंच घ्यायचेत त्यालाच ती खूण लावा.

तुमच्या मित्रापुढे फुली दिसत असेल तर तिच्यावर माऊस न्या, कारण कळेल. कर्जात बुडालाय, दुसरीकडे लढतोय, शत्रूशी त्याचा ट्रूस आहे, लांब आहे. बऱ्याचदा वर्षभर थांबलं तरी फुली जाते. नवीन लोकांना तेवढं थांबवत नाही हीच अडचण.

आणि युरोपात खेळणाऱ्यांसाठी एक इशारा. पोर्तुगाल नवशिक्यांना सुचवतात, बरोबर आहे, पण त्याची इंग्लंडशी अलायन्स सुरुवातीपासूनच असते, इतिहासातला १३८६ चा विंडसरचा तह. आणि इंग्लंड-फ्रान्समध्ये मेन (Maine) नावाचा प्रांत सोडण्याचा इव्हेंट येतो. इंग्लंडने नाही म्हटलं तर फ्रान्स चालून येतो आणि तुम्हाला बोलावणं येतं. नकार दिलात तर अलायन्स तुटते, प्रेस्टीज जाते, गेलात तर फ्रान्ससमोर. बहुतेक वेळा जाऊन समुद्रावर थांबणं बरं पडतं, जमिनीवर फौज पाठवायची काही जबरदस्ती नाही.

७. तहाच्या टेबलावर

सगळी डिप्लोमसी इथे कळते. जिंकलात, वॉर स्कोअर (युद्धातल्या यशाचे गुण) भरपूर आहे, हात शिवशिवतायत, सगळे प्रांत निवडावेसे वाटतात. थांबा.

तहाच्या खिडकीत ॲग्रेसिव्ह एक्सपान्शनचा, म्हणजे वर म्हटलेला भडकण्याचा, आकडा असतो, त्याच्यावर माऊस नेला की कुठला देश किती भडकेल त्याची पूर्ण यादी येते. विजयनगरचे तीन प्रांत निवडा, यादी वाचा. चौथा निवडा, परत वाचा. कुठल्या प्रांतावर कोण ५० ओलांडतोय ते तुम्हाला डोळ्यांसमोर दिसेल. एकेक प्रांत टाकत-काढत पाच मिनिटं घालवा, ही पाच मिनिटं पुढची पन्नास वर्षं वाचवतात.

कोण जास्त भडकतो? ज्याचा धर्म आणि संस्कृती घेतलेल्या जमिनीशी जुळते आणि जो जवळ आहे तो. त्यामुळे विजयनगरकडून घेतलं की ओडिशासारखी हिंदू राज्यं जास्त चिडतात आणि गुजरात-माळवा कमी. गुजरातकडून घेतलं की उलट. यावरून एक साधा उपाय निघतो, एकदा दक्षिणेला घ्या, मग ट्रूस चालू असेपर्यंत उत्तरेला बघा. एकाच गटाला सलग दोनदा ओरबाडू नका. पवित्र रोमन साम्राज्यात खेळत असाल तर तिथे हा आकडा अजून चढा लागतो, एक-दोन प्रांतांवर समाधान माना.

जमिनीऐवजी पैसे, शत्रूची अलायन्स तोडायला लावणं, रायव्हल असेल तर ह्युमिलिएट, हेही घ्या. पैशाने कोणी भडकत नाही.

शत्रूचे मित्र आधी बाजूला काढायचे. त्यांच्याशी वेगळा तह करून थोडे पैसे किंवा नुसतंच सोडून द्या, मग मुख्य शत्रूला निवांत दाबा.

८. कोॲलिशन जमायला लागली तर

नियम असा की एखाद्या देशाचा तुमच्यावरचा भडकण्याचा आकडा ५० च्या वर असेल आणि त्याचं एकूण मत शून्याच्या खाली असेल तर तो कोॲलिशनमध्ये जाऊ शकतो. दोन्ही अटी लागतात. हे लक्षात आलं की उपायही दिसतो, मत शून्याच्या वर ओढा. सगळ्यांना नाही ओढता येणार, दोनच दूत असतात सुरुवातीला. तेव्हा यादीतले काठावरचे निवडा, मत उणे १० किंवा उणे २० वाले, आणि त्यातले मोठे. उणे १५० वाल्यावर दूत घालवू नका.

ज्याच्याशी तुमचा ट्रूस चालू आहे तो कोॲलिशनमध्ये येऊ शकत नाही. तह झाला की ५ ते १५ वर्षांचा ट्रूस लागतो, जितकं जास्त ओरबाडाल तितका लांब. वही इथेच कामाला येते, चार देशांचे ट्रूस एकाच वर्षी संपत असतील तर त्या वर्षाच्या आधीपासून दूत बसवून ठेवा.

भडकण्याचा आकडा आपोआप वर्षाला साधारण दोनने उतरतो. डिप्लोमॅट नावाचा ॲडव्हायजर ठेवलात तर थोडा लवकर. म्हणजे ६० वर गेलेला माणूस ५० खाली यायला पाचेक वर्षं. तेवढा वेळ घरचं बघा, इमारती बांधा, कर्ज फेडा.

कोॲलिशन जमलीच असेल तर तिच्यातल्या एकावरही हल्ला करू नका, सगळे येतात. फौज लिमिटपर्यंत भरलेली ठेवा आणि मोठे मित्र धरून ठेवा, कारण कोॲलिशन पण आकडे मोजते, जिंकू असं वाटलं नाही तर वर्षानुवर्षं नुसती बसून राहते आणि मग एकेक जण गळतो. याच काळात लोक फौज कमी करून पैसे वाचवायला जातात. ते अजिबात करू नका. आणि कंटाळून ट्रूस मोडण्याचा विचार तर मनातही आणू नका, स्टॅबिलिटी अशी पडते की बंडखोर निस्तरण्यातच दहा वर्षं जातात.

९. वासलचं खातं

थोडक्यात सांगतो. वासलच्या लिबर्टी डिझायरवर (स्वतंत्र व्हायच्या इच्छेच्या आकड्यावर) नजर ठेवा, ५० टक्क्यांच्या वर गेला की तो तुमच्या शत्रूंशी बोलायला लागतो. सगळ्या वासलची ताकद मिळून तुमच्याजवळ पोचली की हा आकडा चढतो, त्यामुळे एकाच वासलला प्रांत भरवत बसू नका. शांतपणे सामील करून घ्यायला दहा वर्षं वासल असावा लागतो आणि मत १९० लागतं, म्हणून वासल झाल्याच्या पहिल्या दिवसापासून एक दूत तिकडे. जोडून घेताना दुसरे वासल थोडे चिडतात. त्यामुळे युद्धाच्या तोंडावर हे काम काढू नका, ट्रूसच्या वर्षांत उरका.